गाडीचं चाक बदलायचंय? आधी गाडी उभी कुठे आहे ते बघा

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच सोडायला शिकवतात, रिव्हर्स शिकवतात, पण डिक्की उघडून स्टेपनी बाहेर काढायला सहसा कोणी सांगत नाही. आणि टायर बसतो तो काही सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी बसत नाही, तो बसतो हायवेला, अंधारात, वर पाऊस. त्यामुळे हा लेख ज्यांनी आजपर्यंत एकदाही चाक बदललेलं नाही त्यांच्यासाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, नट खोलणं आणि चाक बसवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, कोणीही करू शकतं, त्यात माणसं मरत नाहीत. माणसं मरतात ती चुकीच्या जागी गाडी उभी करून रस्त्याकडे पाठ करून बसल्यामुळे. म्हणून जागेबद्दल मी जास्त लिहिणार आहे आणि पान्याबद्दल कमी.

घरी असतानाच बघायच्या गोष्टी

आजच डिक्की उघडा. मॅट उचला, खाली स्टेपनी आहे का बघा. सगळ्याच गाड्यांत ती असते असं आता राहिलेलं नाही, 2020 मध्ये केंद्राने नियम बदलला, ट्यूबलेस टायर, टायरची हवा दाखवणारी सिस्टीम आणि पंक्चर किट असेल तर कंपनीने स्टेपनी दिली नाही तरी चालतं. काही इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनीच्या जागी हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर आणि पंक्चर बुजवायच्या द्रवाची एक बाटली मिळते. सीएनजीवाल्यांचं वेगळंच, सिलेंडरने डिक्की खाल्लेली असते आणि स्टेपनी सिलेंडरला टेकून उभी असते नाहीतर गाडीच्या पोटाखाली बाहेरून लटकवलेली असते. पोटाखाली असेल तर ती खाली उतरवायचा बोल्ट डिक्कीच्या आतून असतो, तो कुठे आहे ते दिवसाउजेडी एकदा शोधून ठेवा, रात्री टॉर्च तोंडात धरून शोधायला लागला की जीव जातो.

जॅक, जॅकचा दांडा, व्हील पाना आणि लाल त्रिकोण, या चार वस्तू गाडीत असल्याच पाहिजेत. जॅक कधी सीटखाली असतो, कधी डिक्कीच्या साईडच्या कप्प्यात. सेकंड-हॅन्ड गाडी घेतली असेल तर हे नक्की तपासा कारण आधीच्या मालकाने जॅक दुसऱ्या गाडीत टाकलेला असणं फार कॉमन आहे. अलॉय व्हीलवाल्यांनी अजून एक बघायचं, चाकाच्या नटांपैकी एक नट वेगळ्या डोक्याचा दिसतोय का? तो चोरी होऊ नये म्हणून लावलेला लॉक नट असतो आणि तो खोलायला एक छोटी किल्ली लागते, ती किल्ली बऱ्याचदा ग्लव्हबॉक्समध्ये पडलेली असते. ती हरवली असेल तर बाकी सगळं सामान असून उपयोग नाही.

मग स्टेपनीतली हवा. चार चाकांत हवा भरताना पेट्रोल पंपावर कोणी स्टेपनी काढत नाही, सामान उचलायचा कंटाळा. पण ती नुसती पडून असली तरी हवा हळूहळू कमी होत जातेच. तीन-चार महिन्यांतून एकदा भरा आणि नेहमीपेक्षा 3-4 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त भरा, कमी करणं सोपं असतं. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर लिहिलेलं असतं, बहुतेक छोट्या गाड्यांना 30 ते 35 च्या मध्ये. स्टेपनी बारीक, सायकलच्या मोठ्या भावासारखी दिसत असेल तर मात्र तिला साधारण 60 पीएसआय लागते, टायरच्या अंगावरच छापलेलं असतं, ते वाचा.

स्वतःच्या पैशाने घ्यायच्या वस्तू थोड्याच: क्रॉस पाना (कंपनीचा पाना आखूड असतो, त्याला जोर लागत नाही), डोक्याला लावायची टॉर्च, रबरी हातमोजे, जॅकखाली ठेवायला फूटभर लांब, जाड फळी, आणि चमकणारं जॅकेट. 12 व्होल्टवर चालणारा हवा भरायचा पंप परवडत असेल तर घ्याच, कारण खिळा लागलेल्या ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू जाते आणि अशा वेळी चाक बदलायची गरजच पडत नाही, खिळा तसाच ठेवायचा (उपटायचा नाही, उपटला की फुस्स), हवा भरायची आणि सावकाश पंक्चरवाल्यापर्यंत जायचं.

हे सगळं जमलं की एकदा सोसायटीच्या सपाट पार्किंगमध्ये चांगलं चाक काढून परत लावा. खरंच करा. यूट्यूबवर बघून हात बसत नाही.

टायर बसलाय हे कळल्यावर

पुढचा टायर बसला की स्टीअरिंग एका बाजूला ओढायला लागतं, मागचा बसला की गाडीची ढुंगण हलल्यासारखी वाटते आणि फडफड असा आवाज यायला लागतो. पंक्चर हळू असेल तर घाई नाही. टायर फुटलाच धाड करून तर पहिली हुक्की येते ब्रेक मारायची, ती दाबा, ब्रेक नको. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, गाडी आपोआप मंदावू द्या, मग इंडिकेटर देऊन डावीकडे.

आता थांबायचं कुठे. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे त्यामुळे घाई करू नका.

जागा सपाट हवी, जमीन टणक हवी, आणि मागून येणाऱ्याला तुम्ही लांबून दिसायला हवेत. घाटात, कसारा असो, खंबाटकी असो की आंबेनळी, वळणावर किंवा वळण संपल्या संपल्या थांबणं म्हणजे आत्महत्या आहे. वरून ब्रेक गरम झालेला ट्रक येतो, त्याला तुम्ही दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा वेळी बसलेल्या टायरवर तशीच 10-15 च्या स्पीडने, चारही इंडिकेटर एकदम (हॅझार्ड लाईट) चालू ठेवून, पुढे ढाबा, पंप, चहाची टपरी, निदान रुंद मोकळी जागा मिळेपर्यंत चालवा. टायर जाईल. रिमही वाकेल कदाचित. जाऊ दे. नवीन टायर आणि रिमचे मिळून काही हजार होतील, ते कमावता येतात. लोक इथेच चुकतात, टायर वाचवायला जागच्या जागी थांबतात.

उजव्या बाजूचं चाक बसलं असेल तर अजून जपा, कारण आपल्याकडे गाडी डावीकडे उभी राहते, म्हणजे उजव्या चाकापाशी बसलेल्या माणसाची पाठ थेट वाहत्या ट्रॅफिकमध्ये. गाडी रस्त्यापासून भरपूर आत घेता येत नसेल तर उजवं चाक हायवेला बदलायचंच नाही, असा माझा तरी नियम आहे.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवे किंवा समृद्धीवर तर मी म्हणेन कुठलंच चाक स्वतः बदलू नका. समृद्धीवर कारला 120 पर्यंत परवानगी आहे, सरळ एकसुरी रस्ता, मागून येणारा ड्रायव्हर पेंगत असू शकतो, आणि कडेची पट्टी ही थांबायची सुरक्षित जागा आहे हा गैरसमज आहे. अशा रस्त्यावर गाडी जमेल तेवढी डावीकडे घ्या, सगळ्यांनी डाव्या दरवाज्यांनी उतरा, लोखंडी कठड्याच्या पलीकडे जा आणि तिथून फोन लावा. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा हेल्पलाईन नंबर आहे, अपघात किंवा जीवाला धोका असेल तर 112. एक्सप्रेसवेवर हेल्पलाईनचे बोर्ड लावलेले असतात, जाताना वाचायची सवय लावा. इन्शुरन्ससोबत रोडसाईड असिस्टन्स घेतलेला असेल तर तो नंबरही मोबाईलमध्ये सेव्ह हवा, पॉलिसीच्या पीडीएफमध्ये नाही.

आणि गाडीत कोणी बसून राहायचं नाही. आजीचे गुडघे दुखतात, बाळ झोपलंय, बाहेर पाऊस आहे, सगळं मान्य, तरी उतरवा. उभ्या गाडीला मागून ठोकर बसली तर आत बसलेल्यांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. शिवाय माणसं आत असताना गाडी जॅकवर चढवणं हेही चुकीचंच, आत कोणी हललं की गाडी हलते.

त्रिकोण निदान 50 मीटर मागे ठेवा, वेगवान रस्त्यावर 100 मीटर, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. ठेवायला जाताना समोरून येणारी वाहनं दिसतील असं कडेकडेने चालत जा, त्रिकोण पोटापुढे धरून. आपल्याकडे त्रिकोणाऐवजी दगड आणि झाडाची फांदी ठेवायची पद्धत आहे. फांदी एकवेळ ठीक, पण काम झाल्यावर लोक दगड तसेच टाकून निघून जातात आणि रात्री एखादा बाईकवाला त्यावर जातो, हे मला अजिबात पटत नाही. ठेवला असेल तर उचलून बाजूला टाका.

आता चाक

हॅन्डब्रेक पूर्ण ओढा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, उतारावर नाक खाली असेल तर रिव्हर्स, ऑटोमॅटिक असेल तर पी. दोन्ही का? कारण हॅन्डब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना धरतो, आणि गिअर पुढच्या चाकांना (आपल्या बऱ्याचशा छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात). मागचं एक चाक हवेत गेलं की हॅन्डब्रेकचं निम्मं काम गेलं. म्हणून शिवाय दगड लावायचे, जे चाक बदलताय त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला, पुढून आणि मागून. उतार जास्त असेल तर बदलूच नका, सपाट जागा शोधा.

स्टेपनी काढून चाकाजवळ आणा आणि गाडीच्या पोटाखाली, जॅकच्या बाजूला आडवी सरकवून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी जमिनीवर न आपटता स्टेपनीवर बसेल आणि हात-पाय वाचतील.

पुढचं पाऊल लोक हमखास उलटं करतात. नट ढिले करायचे ते गाडी जमिनीवर असतानाच. आधी जॅक लावून मग नट सोडायला गेलात तर चाक गोल फिरत राहतं, तुम्ही जोर लावता आणि गाडी जॅकवर डुलायला लागते. रस्त्यात कोणीतरी काका थांबून "आधी जॅक लावा हो" म्हणतील, त्यांना हो म्हणा आणि आपलं काम करा.

व्हील कॅप असेल तर पान्याच्या चपट्या टोकाने काढा. पाना नटावर पूर्ण आत बसवा, अर्धवट बसवला तर नटाची कडा गोल होते आणि मग तो नट गॅरेजवाल्यालाही रडवतो. पान्याचा दांडा डावीकडे आडवा येईल असा लावा, म्हणजे घड्याळात नऊ वाजतात तिकडे, आणि खाली दाबा. हाताने नाही हलला तर गाडीला धरून एका पायाने हळूहळू वजन टाका, उड्या मारू नका. गेल्या वेळी टायरवाल्याने एअर गनने कसलेला असेल तर भयंकर घट्ट असतो, मग एकदम कट्ट असा आवाज येतो आणि सुटतो. घाबरू नका, तुटला नाही, सुटलाय. प्रत्येक नट अर्धा फेरा ढिला करून सोडा, काढू नका.

आता जॅक. गाडीच्या दरवाज्याखाली हात घालून पत्र्याची खाली आलेली कड चाचपा. पुढच्या चाकाच्या थोडं मागे आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे त्या कडेवर एकमेकींच्या जवळ दोन खाचा हाताला लागतील, काही गाड्यांत बाण किंवा त्रिकोणाची खूण असते. जॅकचं डोकं या दोन खाचांच्या मध्येच लावायचं. प्लॅस्टिकच्या पट्टीला नाही, नुसत्या फरशीच्या पत्र्याला नाही, सायलेन्सरला तर नाहीच. इलेक्ट्रिक गाडीत तर खाली बॅटरी असते, तिथे चुकीच्या जागी जॅक लावणं फार महागात पडेल. पावसाळ्यात कडेची माती मऊ असते, वरून कोरडी दिसली तरी वजन पडलं की जॅक खचतो, त्यासाठीच ती फळी. जॅक सरळ उभा आहे ना हे डोकं खाली घालून बघा, एका बाजूला कलला असेल तर उतरवा आणि परत लावा, "चालेल" म्हणू नका.

दांडा फिरवत गाडी उचला. बसलेला टायर जमिनीपासून सुटला तरी थांबू नका, अजून दोन-तीन इंच उचला, कारण भरलेला टायर त्यापेक्षा मोठा असतो आणि तो आत शिरला पाहिजे. या वेळेपासून शरीराचा कुठलाही भाग गाडीखाली नको. नट घरंगळून खाली गेला तर काठीने ओढा.

नट काढताना वरचा शेवटी काढा, म्हणजे चाक अंगावर येत नाही. नट व्हील कॅपमध्ये किंवा रुमालावर ठेवा, मातीत नको. चाक निघत नसेल, आणि कोकणात खाऱ्या हवेने रिम हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) गंजून चिकटते हे नेहमीचं आहे, तर जॅकवरच्या गाडीला लाथा घालत बसू नका. नट परत हाताने सैलसर लावा, गाडी जमिनीवर उतरवा, गाडी एक-दोनदा हलवा, वजनाने चाक सुटतं. मग परत उचला. वेळ जातो, पण गाडी अंगावर येण्यापेक्षा बरं.

काढलेलं चाक पोटाखाली, स्टेपनी बाहेर, अशी अदलाबदल. चाकाचं वजन छोट्या गाडीलाही 12-15 किलोच्या आसपास असतं, उभं राहून उचलू नका, बाजूला बसा, चाक भोकांच्या रेषेत आणा आणि बुटाचं टोक चाकाखाली घालून वर ढकला, हलकं वाटतं. हवेचा व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला यायला हवा. स्कोडा-फोक्सवॅगनसारख्या गाड्यांत नटाऐवजी बोल्ट असतात, हबवर लटकवायला काही नसतं, त्यामुळे भोकं जुळवायला जरा झटापट होते, जमलं की आधी वरचा बोल्ट धरवा.

नटाची निमुळती बाजू आत. सगळे नट आधी हाताने फिरवा, पाना नको, कारण तिरका बसलेला नट हाताला लगेच अडकतो आणि कळतं, पान्याने तो तसाच चढतो आणि आटे खातो. ऑईल, ग्रीस काही लावू नका. मग पान्याने हलकंसं टाईट करा, गाडी खाली उतरवा, आणि चाक जमिनीला टेकल्यावर फायनल कसा. चार नट असतील तर समोरासमोर, पाच असतील तर एक सोडून एक, म्हणजे चाक सगळीकडून सारखं बसतं. गोल गोल एका मागे एक कसलं तर एका बाजूने फट राहू शकते. इथे दांडा उजवीकडे आडवा, खाली दाब. जोर किती? कंपनीच्या पान्यावर हाताचा पुरेपूर जोर, पायाने उभं राहून नाही. आकड्यात हवं असेल तर कारना मॉडेलप्रमाणे साधारण 85 ते 120 न्यूटन-मीटर सांगितलेलं असतं, पुस्तिकेत बघा.

निघताना आणि निघाल्यावर

जॅक, पाना, त्रिकोण, सगळं उचललं का बघा, त्रिकोण विसरणारे खूप असतात. स्टेपनी बारीकवाली असेल तर तिच्यावर ताशी 80 च्या स्पीडचा स्टिकर असतो, तो मनावर घ्या. टॉप मॉडेलमध्ये चार अलॉय मोठे आणि स्टेपनी एक साईझ छोटी लोखंडी असं बऱ्याचदा देतात, ती लावून नाशिकवरून नागपूर गाठायचा विचार करू नका, जवळच्या टायरवाल्यापर्यंतच. 50-100 किलोमीटर गेल्यावर नट परत एकदा पान्याने तपासा, नवीन बसवलेलं चाक थोडं बसतं आणि नट किंचित ढिले होऊ शकतात.

पंक्चरवाल्याकडे गेलात की समोर उभे राहा. हायवेच्या काही दुकानांत एक पंक्चर घेऊन जा, चार निघतात. साबणाचं पाणी तुमच्या डोळ्यांसमोर मारायला सांगा आणि बुडबुडे कुठून येतात ते स्वतः बघा, आधीचा खिळा कुठे होता त्याचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवला असेल तर वादच नाही. बाहेरून स्ट्रिप (भोकात कोंबायची रबरी पट्टी) मारणं तात्पुरतं चांगलं, टायर खोलून आतून पॅच मारणं जास्त टिकतं. टायरच्या साईडला, म्हणजे जमिनीला न टेकणाऱ्या भागाला भोक पडलं असेल तर पंक्चर काढून वापरू नका, बदला. आणि बसलेल्या टायरवर तुम्ही किलोमीटरभर चालवला असेल तर खोलून आतली बाजू बघायला सांगा, आत काळी रबराची पूड सांडलेली दिसली तर तो टायर बाहेरून कितीही चांगला दिसू दे, संपला.

तिथे आहातच तर बाकीच्या टायरचं वयही बघून घ्या. टायरच्या अंगावर चार आकडे चौकटीत असतात, 2319 असेल तर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षीच्या खोबणीत मधे मधे रबराची उंचवटी असते, नक्षी झिजून तिच्या बरोबरीला आली म्हणजे 1.6 मिलीमीटरच उरली, पावसात तो टायर रस्ता धरत नाही. स्टेपनीचेही चार आकडे बघा, तिची नक्षी कोरीच राहते पण रबर आपलं म्हातारं होत असतं. दुरुस्त झालेलं चाक परत जागेवर, स्टेपनी हवा भरून डिक्कीत, आणि डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा अजून चालू असेल तर काही गाड्यांत हवा भरल्यावर तो रिसेट करावा लागतो, बऱ्याचदा मेन्यूमध्ये असतो.